व्रत माझे, कायदा सगळ्यांचा

गेल्या अंकात धर्म आणि राजकारण यांविषयी मूलभूत प्रश्न विचारावेत, असे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे प्रश्न विचारणारी नसून एखाद्या पुढाऱ्यावरचा राग किंवा लोभ व्यक्त करणारी होती. ती बाजूला ठेवली आहेत. उरलेल्यांतून चार पत्रे येथे घेतली आहेत. चारही पत्रे खानदेशातून आलेली आहेत.

प्रश्न (यावल तालुका): मी माळकरी आहे. आमच्या गावी दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह असतो. यंदा सप्ताहाच्या सात दिवसांत गावाच्या हद्दीत मांस आणि अंडी विकू नयेत, असा ठराव ग्रामसभेत आला आणि हात वर करून संमत झाला. स्टँडवर अंडाभुर्जीची गाडी लावणारा माणूस मागे उभा होता. तो काहीच बोलला नाही. मीही हात वर केला होता; पण घरी आल्यावर मन खात राहिले. एवढ्या मोठ्या बहुमताने गावाने एखादी गोष्ट ठरवली, तर त्यात चूक ती काय?

उत्तर: आपण माळ घातली तेव्हा ग्रामसभा बोलावली नव्हती. माळ घेणारा माणूस विठ्ठलाला आणि स्वतःला साक्ष ठेवून ती घेतो, आणि त्या दिवसापासून मांसाहार सुटतो तो त्याचा स्वतःचा. शेजारच्या ताटात काय वाढले आहे, याच्याशी माळेचा संबंध नसतो. किंबहुना शेजारच्या ताटात ते वाढलेले असताना आपण हात आवरतो, यातच व्रताचा कस लागतो. माझी आजी संकष्टीला घरातल्या सगळ्यांसाठी भाकरी थापायची आणि स्वतः मात्र चंद्र उगवेपर्यंत पाण्यावर राहायची. कोणी फारच कौतुक केले, तर अहिराणीत एवढेच म्हणायची, ‘उपास आपला, भूक बी आपलीच.’

व्याकरणाच्या भाषेत बोलायचे, तर व्रत प्रथमपुरुषी असते: ‘मी हे करणार नाही.’ कायदा तृतीयपुरुषी असतो: ‘कोणीही हे करू नये, आणि केल्यास दंड होईल.’ आपल्या ग्रामसभेने पहिल्या प्रकारचे वाक्य उचलून दुसऱ्या प्रकारात बसवले आणि त्यामुळे उपास गावाचा झाला, भूक मात्र त्या गाडीवाल्याच्या घरी गेली. आपले मन खात राहिले ते बहुधा यामुळेच.

आता बहुमताचा मुद्दा. पाण्याची टाकी कोणत्या टेकाडावर बांधावी किंवा आधी कोणत्या गल्लीत काँक्रिट टाकावे, हे हात मोजून ठरवणे योग्यच आहे, कारण तेथे कोणता तरी एक निर्णय सगळ्यांसाठी घ्यावाच लागतो. एकाने अंडे खाल्ले आणि दुसऱ्याने खाल्ले नाही, तर मात्र काहीच अडत नाही. जेथे एकच निर्णय सगळ्यांवर लादण्याची मुळात गरज नाही, तेथे मोजणी करणे म्हणजे गरज नसताना कोणाला तरी हरवणे होय.

यावर आपण ‘आडवी बाटली’चे उदाहरण द्याल, याची मला कल्पना आहे. महाराष्ट्रात गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक महिलांनी आडव्या बाटलीला मत दिले, तर दारूचे दुकान बंद होते. तेथे आपण बहुमत मान्य करतो, मग येथे का नाही? कारण त्या स्त्रिया दारू पिणे पाप आहे, असे सांगत नसतात. मजुरीचे पैसे घरी पोहोचत नाहीत, रात्री मार बसतो, मुलांची फी भरली जात नाही, हे त्या सांगत असतात. ही कारणे कोणत्याही धर्माचा, किंवा धर्म न मानणारा, माणूस तपासून पाहू शकतो आणि पटली नाहीत तर खोडूनही काढू शकतो. ‘आमच्या सप्ताहाचे पावित्र्य भंगते’ हे कारण, ज्याला सप्ताहाचे पावित्र्य जाणवते त्यालाच कळू शकते. ते खोटे आहे, असे मी म्हणत नाही. दुसऱ्याच्या चुलीवर हुकूम चालवायला ते पुरेसे नाही, एवढेच म्हणतो.

न्यायालयाने नेहमी असाच विचार केला आहे, असे मात्र नाही. जैनांच्या पर्युषणाच्या काळात अहमदाबादमधील कत्तलखाने नऊ दिवस बंद ठेवण्याचा महापालिकेचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरवला. बंदी थोड्या दिवसांची आहे आणि एका मोठ्या समाजाच्या भावनेचा आदर म्हणून ती वाजवी आहे, असा त्याचा आशय होता. त्या निकालात अकबराचाही दाखला आहे: प्रजेच्या भावनेखातर तो काही दिवस मांस वर्ज्य करीत असे. मला हा दाखला नेमका उलट दिशेला नेणारा वाटतो, कारण त्यात कौतुक आहे ते बादशहाने स्वतःच्या ताटाला घातलेल्या मर्यादेचे. कायदेशीर काय आणि न्याय्य काय, हे दोन प्रश्न शेजारी राहतात; पण त्यांचे घर एक नाही.

जळगावच्या श्रीरामाच्या रथोत्सवाची परंपरा १८७२ पासूनची आहे. कार्तिकी एकादशीला रथ निघतो आणि लालशा बाबा या मुस्लिम संताच्या समाधीपाशी थांबतो. हा रथ तेथे थांबावा म्हणून कोणत्या सभेने हात वर केले होते? लोकांनी एकमेकांचा मान राखला आणि त्याची रीत पडली. आपल्या गावातही चार माळकऱ्यांनी त्या गाडीवाल्याकडे जाऊन, ‘भाऊ, शेवटच्या दिवशी दिंडी स्टँडवरून जाते, तेवढा तासभर गाडी झाकशील का?’ असे विचारले असते, तर तो बहुधा ‘हो’ म्हणाला असता, आणि ‘नाही’ म्हणाला असता तरी दिंडी निघालीच असती. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरपर्यंत महिनाभराहून अधिक काळ चालत जाते. वाटेतल्या सगळ्या गाड्या बंद करून चालायचे ठरवले असते, तर ती अजून जिल्ह्याबाहेर पडली नसती.

प्रश्न (धुळे, महाविद्यालयीन विद्यार्थी): धर्माच्या नावावर मत मागणे गुन्हा आहे, असे आम्हाला शिकवले जाते. त्याच वेळी गांधीजी, विनोबा आणि सानेगुरुजी यांचे राजकारण धर्मातूनच आले, असेही शिकवले जाते. यांपैकी खरे काय मानायचे? धर्म राजकारणात चालतो की चालत नाही?

उत्तर: तुम्ही ज्या शहरातून हे पत्र लिहिले आहे, त्याच शहराच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि सानेगुरुजींनी ती उतरवून घेतली. ऐकणारे राजकीय कैदी होते, म्हणजे सभा राजकीयच होती, आणि विषय मात्र धर्मग्रंथ होता. तेव्हा धर्म आणि राजकारण यांच्यामध्ये एखादी भिंत बांधून तुमच्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. माणसाला अन्यायाविरुद्ध उभे राहण्याचे बळ कोठून मिळते, हे कायद्याने विचारूही नये. कोणाला ते गीतेतून मिळते, कोणाला कुराणातून, कोणाला बुद्धाकडून, तर कोणाला केवळ उपाशी पोटातून.

कायदा विचारतो ते वेगळे आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याच्या कलम १२३ च्या पोटकलम ३ नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारावर मत मागणे हे भ्रष्ट आचरण ठरते. उमेदवाराने प्रचाराचा नारळ मारुतीच्या पारावर फोडला, म्हणून त्याची निवड रद्द होत नाही. ‘मी तुमच्या धर्माचा म्हणून मला मत द्या’ असे म्हटले, तर होऊ शकते. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी सांगितले, की येथे केवळ उमेदवाराचा धर्म पाहायचा नाही, मतदाराच्या धर्माला केलेले आवाहनही त्यात येते. मला त्या निकालात विरोधी मत देणाऱ्या तीन न्यायाधीशांची काळजी अधिक विचारात पाडते. ज्या समाजाला शतकानुशतके धर्माच्या किंवा जातीच्या नावाने बाजूला ठेवले गेले, त्याच्या उमेदवाराने ‘आपल्यावर हा अन्याय झाला’ हे जातीचे नाव न घेता सांगायचे तरी कसे? जखमेचे नाव घेणे आणि नावाचा बाजार मांडणे यांत फरक आहे. पण भर सभेत तो कोण मोजणार?

आता गांधीजी आणि सानेगुरुजींकडे येऊ. वरच्या पत्राच्या उत्तरात मी म्हटले, की व्रत स्वतःपुरते असते. या दोघांचे उपोषण त्या विधानाची परीक्षा घेणारे आहे, कारण उपाशी राहणारा स्वतःलाच त्रास देत असला, तरी त्याच्या अंथरुणाभोवती जमलेल्यांवर जो दाब येतो तो खराच असतो.

अमळनेरच्या शाळेत शिक्षक राहिलेल्या सानेगुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण सुरू केले आणि १० मे रोजी ते सुटले. त्याआधी ते महिनोन्महिने महाराष्ट्रभर हिंडून लोकांना समजावत होते. उपोषण हा त्यांचा पहिला मार्ग नव्हता. गांधीजींनी सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात उपोषण केले, ते अस्पृश्यांसाठीच्या स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधात. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. बाबासाहेबांना सही करावी लागली ती कोणत्या परिस्थितीत, हे सांगायला नको: गांधीजींचे काही बरेवाईट झाले असते, तर त्याचा सूड खेड्यापाड्यांतल्या महारवाड्यांवर उगवला गेला असता.

दोन्ही ठिकाणी एक माणूस उपाशी आहे आणि दोन्ही ठिकाणी प्रेरणा धर्माची आहे. मग पहिले मला मान खाली घालायला लावते आणि दुसरे अस्वस्थ करते, ते का? दाब कोणावर आला, हे पाहिले म्हणजे थोडा उलगडा होतो. पंढरपुरात तो दार अडवून बसलेल्यांवर आला, पुण्यात तो दाराबाहेर उभे असलेल्यांच्या प्रतिनिधीवर आला. हा हिशेब सगळीकडे बिनचूक लागतो, असे मला वाटत नाही. बडव्यांचीही स्वतःची श्रद्धा होतीच, आणि गांधीजींच्या मनात अस्पृश्यांविषयी कळकळ नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही धार्मिक कृती राजकारणात उतरते तेव्हा तिचे वजन कोणाच्या अंगावर पडते, हे आधी पाहावे. ती किती प्रामाणिक आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

तुमच्या मनात एक पुढचा प्रश्न येईल. सरकारने मंदिर उघडायला लावले तर चालते, मग गाडी बंद करायला लावली तर का चालू नये? संविधानाच्या अनुच्छेद २५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याबरोबरच, सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना खुल्या करण्याचा अधिकार राज्याला दिला आहे. तेथे राज्य कोणाला पूजा करायला लावत नाही, एकाने दुसऱ्याला घातलेली आडकाठी काढते. दार उघडल्यावर आत जायचे की नाही, हे बाहेरचा माणूसच ठरवतो. बाबासाहेबांनी तर नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू केला आणि १९३५ मध्ये येवल्यात हिंदू म्हणून न मरण्याचा निर्धार जाहीर केला.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी दिलेला एक इशारा तुमच्या पिढीने मुळातून वाचावा. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकते, पण राजकारणात भक्ती म्हणजेच विभूतिपूजा ही अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांनी सांगितले. विठ्ठल चुकला, असे वारकरी भांडून म्हणू शकतो. अभंगांत तसे भांडण पुष्कळ आहे. आपल्या नेत्याविषयी तेवढे म्हणण्याची मुभा ज्या कार्यकर्त्याला उरलेली नाही, त्याची भक्ती वारकऱ्याच्या भक्तीपेक्षाही आंधळी म्हणावी लागेल.

प्रश्न (जळगाव, निवृत्त मुख्याध्यापक): संविधानाच्या मराठी प्रतीत ‘धर्मनिरपेक्ष’ आणि हिंदी प्रतीत ‘पंथनिरपेक्ष’ असा शब्द आहे. आपल्याकडे ‘धर्म’ म्हणजे कर्तव्य. मग राज्य धर्मनिरपेक्ष कसे असू शकेल?

उत्तर: शब्दांतला फरक आपण बरोबर टिपला आहे. हा शब्द १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत आला. मात्र मराठी माणूस ‘धर्म’ हा शब्द दिवसभरात तीन अर्थांनी वापरतो आणि गोंधळत नाही. धर्मशाळेतला धर्म म्हणजे दान, ‘शेजारधर्म’ म्हणजे कर्तव्य, आणि शाळेच्या दाखल्यावरचा धर्म म्हणजे समूहाचे नाव. राज्याने निरपेक्ष राहायचे ते तिसऱ्या अर्थापासून. शेजारधर्म सोडायला त्याला कोणीही सांगितलेले नाही. शब्द बदलून प्रश्न सुटेल, असे मला वाटत नाही. दाखल्यावरच्या रकान्याला कर्तव्याचा मान मिळावा म्हणून जेव्हा या दोन अर्थांची मुद्दाम सरमिसळ केली जाते, तेव्हा सावध राहावे. आपले संविधान याबाबत किती शांतपणे मार्ग काढते, हे पाहायचे असेल, तर तिसऱ्या अनुसूचीतील शपथेचा नमुना पाहावा. मंत्री ‘ईश्वरसाक्ष शपथ’ घेऊ शकतो किंवा ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा’ करू शकतो. दोघांची खुर्ची एकाच उंचीची असते.

प्रश्न (धडगाव तालुका, शिक्षिका): २०११ च्या जनगणनेत मी प्रगणक होते. एका पाड्यावर धर्म विचारला, तेव्हा घरातला म्हातारा म्हणाला, ‘हिंदू लिहा.’ त्याचा शिकलेला मुलगा म्हणाला, ‘आम्ही निसर्गपूजक, आदिवासी लिहा.’ सून दारात उभी होती. ती दर रविवारी प्रार्थनेला जात असे, ती काहीच बोलली नाही. आता पुन्हा जनगणना येत आहे. माणसाचा धर्म ठरवायचा कोणी?

उत्तर: या पत्रावर मी बरेच दिवस थांबलो, कारण वरची तिन्ही उत्तरे ‘माझा धर्म कोणता, हे मला ठाऊक आहे’ असे गृहीत धरून चालली आहेत, आणि आपण त्या गृहीताखालचीच जमीन उकरली आहे.

सातपुड्यातल्या अस्तंब्याचे उदाहरण घ्या. दिवाळीत आदिवासी तरुण तो डोंगर चढून जातात. महाभारत वाचलेला माणूस तेथे अश्वत्थामा पाहतो, चढणाऱ्याच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला डोंगराचा देव असतो, आणि पुष्कळांच्या मनात दोन्ही एकत्र असतात. काठी गावच्या होळीसाठी जे पाळणी पाळतात, ते त्या दिवसांत कडक नेम करतात. त्यांना तुमचा धर्म कोणता, असे विचारले, तर ते आधी होळीचा नेम सांगतील. धर्म हा रकाना आहे, ही कल्पनाच मुळी सरकारी कागदाबरोबर डोंगरावर चढली. ब्रिटिशांच्या काळातील जनगणनांत आदिवासींच्या धर्माची वेगवेगळ्या नावांनी स्वतंत्र नोंद होत असे; स्वातंत्र्यानंतर ती गेली. २०११ मध्ये देशभरात सुमारे ४९ लाख लोकांनी ‘इतर’मध्ये ‘सरना’ (झारखंडकडील आदिवासींचा निसर्गपूजक धर्म) असे लिहवून घेतले आणि २०२० मध्ये झारखंड विधानसभेने सरनाला स्वतंत्र रकाना मिळावा, असा ठराव केला.

या प्रश्नावर राजकारण तापते, ते त्याला सवलतींचा प्रश्न जोडला जातो म्हणून. अनुसूचित जातींच्या यादीला धर्माची अट आहे: १९५० च्या आदेशात प्रथम हिंदू, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध, असा तिचा विस्तार झाला. अनुसूचित जमातींच्या यादीला अशी अट नाही. धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून काढावे, अशी मागणी करणारे मोर्चे निघतात, आणि त्याला विरोध करणारेही निघतात. दोन्ही मोर्च्यांत एक गोष्ट समान असते: आदिवासी मुळात कोण, हे आम्हाला ठाऊक आहे, असा मंचावरच्यांचा विश्वास. त्या म्हाताऱ्याला, त्याच्या मुलाला आणि सुनेला मात्र कोणी विचारलेले नसते.

म्हातारा चुकला आणि मुलगा बरोबर, किंवा याच्या उलट, असे मी म्हणणार नाही. म्हाताऱ्याने ‘हिंदू’ म्हटले, ते कदाचित बाजारात, दवाखान्यात आणि कचेरीत तोच शब्द चालतो, हे आयुष्यभर पाहिले म्हणून. मुलाने ‘आदिवासी’ म्हटले, ते वसतिगृहात दुसऱ्यांनी आपल्याला काय म्हटले, ते ऐकले म्हणून. दोघांची उत्तरे त्यांच्या जगण्यातून आली आहेत. माणूस आपले नाव स्वतः ठेवत नाही, तरी त्या नावाने हाक मारल्यावर ओ द्यायची की नाही, हे त्याच्याच हातात असते.

आगामी जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ आहे. प्रगणकाने उत्तरदात्याने सांगितलेला धर्म जसाच्या तसा लिहायचा असतो, त्यावर वाद घालायचा नसतो. तेव्हा एका घरात तीन धर्म नोंदवावे लागले, तर तीन नोंदवा. आपल्या पत्रात मला खरी अडचण दिसते ती दारात उभ्या असलेल्या सुनेची, कारण घराचा कर्ता सगळ्यांच्या वतीने उत्तर देतो आणि तिचा धर्म त्याच्या तोंडून लिहिला जातो. या वेळी त्या पाड्यावर गेलात, तर म्हाताऱ्याचे लिहून झाल्यावर तिच्याकडे वळा आणि तिला विचारा. सासऱ्यासमोर ती बोलणार नाही. ती हंडा घेऊन हापशावर जायला निघेल, तेव्हा चार पावले तिच्याबरोबर चाला.